चेताराचा धक्का

नुन्झियाता कोळ्याची लेक आणि कोळ्याचीच बायको. पण वडील बुडाले तेव्हापासून ती चेतारा गावच्या धक्क्यावर कधी फिरकली नव्हती. त्या दुपारी वादळ उठलं आणि ती अनवाणीच खाली धावली. लाटा धक्क्यावरून उसळत होत्या. एकेक होडी आत येत होती, पण तिचा नवरा कातेल्लो कुठेच दिसत नव्हता.

धाकटा दीर अनिएल्लो आपली होडी बांधत होता. तिनं त्याचा दंड धरला. “भाऊजी, कातेल्लो कुठाय? सकाळी तुमच्याबरोबरच निघाला ना?”

अनिएल्लोनं नजर चुकवली. “वहिनी, तुम्ही घरी जा.”

“खरं सांगा, बुडाला ना तो?” ओल्या दगडांवर मटकन बसून तिनं हंबरडा फोडला.

तेवढ्यात वरच्या रस्त्यावर अमाल्फीची बस थांबली आणि कातेल्लो धावत जिना उतरला. अंगात कोरडा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात वेटरचा काळा बो-टाय. नुन्झियातानं त्याला आधी घट्ट मिठी मारली, मग छातीवर बुक्क्या मारल्या. “जीव गेला असता माझा! होडी कुठाय तुझी?”

“ईस्टरलाच विकली. हॉटेलात बशा उचलतो.”

“आणि रोज घरी आणतोस ते मासे?”

“अनिएल्लो देतो.”

“अरे, पण का?”

खवळलेल्या पाण्याकडे पाठ करून तो पुटपुटला,



“समुद्राची भीती वाटायला लागली गं. आणि तुला सांगायची त्याहून जास्त.”