वस्तादांचा निकाल

"मी जाणार म्हणजे जाणार," शर्टाची वरची गुंडी लावत वस्ताद म्हणाले. "पुढच्या दारानं, सगळ्यांच्या देखत."

"जा की. अडवलंय कुणी?" बायको म्हणाली. "फक्त खाऊन बोला. न खाता तोंड टाकू नका."

वस्ताद म्हणजे गल्लीतले खाटीक. छत्तीस वर्षं त्यांचं दुकान कोपऱ्यावर होतं आणि त्यांच्या हातचे सॉसेज न्यायला लोक तीन गल्ल्या ओलांडून यायचे. मग पाकीटबंद माल आला, गुडघे गेले, आणि दीड महिन्यापूर्वी त्यांनी शटर ओढलं ते कायमचं. तेही त्यांनी गिळलं असतं. पण बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, कुठली कोण तिशीतली बाई आली आणि तिनं सॉसेज-बिअरचा बार थाटला. जखमेवर मीठच, आणि तेही मूठभरून.

गल्ली वस्तादांच्या बाजूची होती. निदान त्यांचा तसा समज होता. शेजारचा न्हावी आणि त्याच्या वरच्या मजल्यावरचा शिंपी तर शब्द देऊन बसले होते. वस्ताद चव घेऊन सांगतील, मगच आम्ही त्या बाकावर बसू.

पाच वाजता तिघं आत शिरले. भिंतींना अजून रंगाचा वास होता. लांब बाकं भरली होती. फेसाळ ग्लास इकडून तिकडे जात होते. वस्तादांना पाहून बोलणी एकदम थांबली.

मालकीण स्वयंपाकघरातून फडक्याला हात पुसत आली. मनगटापर्यंत काळं वंगण होतं, ते काही निघत नव्हतं.

"या काका, बसा."

"काका घरी. इथं गिऱ्हाईक म्हण."

"बरं. या गिऱ्हाईक, बसा," ती म्हणाली. कुणीतरी फिसकन हसलं.

वस्तादांनी भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं. पाच प्रकार लिहिले होते, त्यातल्या चारांवर खडूनं काट मारली होती.

"पहिल्याच दिवशी काट?"

"आज एकच प्रकार आहे."

"मग तो तरी आण."

ती हलली नाही. "खरंच खाणार?"

"का? घाबरलीस?"

"नाही," ती म्हणाली. "आणते."

प्लेट आली. दोन सॉसेज, शेजारी मोहरीची चटणी, पावाचा जाड तुकडा. वस्तादांनी सुरी टेकवली. साल टचकन फुटली, आतून रस आला. त्यांनी घास तोंडात घातला.

आणि चावता चावता ते थांबले.

मिरी आधी लागतच नव्हती, मग हळूच जिभेच्या मागून यायची. धुरी अशी, की आहे म्हणावं तर सापडत नाही. मांस बारीक नाही, भरड नाही. असा सॉसेज आयुष्यात एखाद्यालाच जमतो, हे त्यांच्याइतकं त्या खोलीत कुणाला ठाऊक होतं? डोळे भरून आले.

"मोहरी कडक आहे," त्यांनी न्हाव्याला सांगितलं आणि रुमाल काढला.

"पण कसंय, वस्ताद?" शिंप्यानं विचारलं. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

सगळी खोली कान देऊन बसली होती. खिडकीतून समोरचं शटर दिसत होतं. त्यांचं. चांगलं आहे म्हटलं, तर ते शटर आपल्याच हातानं दुसऱ्यांदा ओढल्यासारखं होतं. वस्तादांनी काटा खाली ठेवला, पाठ ताठ केली.

"भिकार," ते खणखणीत आवाजात म्हणाले.

खोलीत कुजबुज झाली. मालकीण जागची हलली नाही.

"काय चुकलंय?"

"बरोबर काय आहे, ते विचार."

"नीट सांगा. लोक ऐकतायत. साल?"

"चिवट."

"मीठ?"

"ओतलंय."

"धुरी?"

"धुरी कसली? करपल्याचा वास येतोय."

"म्हणजे ज्यानं केलंय, त्याला काम येत नाही?"

"ज्यानं केलंय त्यानं सुरी टाकावी आणि दुसरा धंदा बघावा!" आता वस्तादांना चांगलाच जोर चढला होता. "छत्तीस वर्षं या धंद्यात काढलेला माणूस सांगतोय. असला माल मी कुत्र्यापुढे टाकला नसता!"

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानं प्लेट हळूच पुढे सरकवली. दोघंजण उठले. न्हाव्यानं ऐटीत टोपी चढवली. दहा मिनिटांत बाकं रिकामी होणार आणि उद्यापासून इकडे कुणी फिरकणार नाही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

मालकिणीचा चेहरा लाल झाला होता, पण हनुवटी वरच होती.

"कुणी उठू नका," ती म्हणाली. मग वस्तादांकडे वळली. "काका, एकदाच विचारते. शब्द परत घेता?"

"वस्ताद थुंकलेलं चाटत नाही."

"मला हे बोलायचं नव्हतं. तुमच्या घरी, काकूंना तसा शब्द दिला होता." तिनं काळे हात सगळ्यांसमोर धरले. "सकाळपासून आमचं मशीन बंद पडलंय, मी अजून एकही सॉसेज केलेला नाही. पोरीचा पहिला दिवस वाया जाऊ नये म्हणून काकूंनी दुपारी तुमच्या दुकानातल्या फ्रीजरमध्ये उरलेला माल आणून दिला. तुमच्या प्लेटमध्ये आहेत ते तुमचेच आहेत."