आधी नाव

वीस वर्षं एका घरात राहून सुनेने मला तोंडावर विचारावं, "तुमचं नाव काय?" मी इथे पेशंट, ती इथली मेट्रन. सुई टोचण्याआधी नाव विचारायचं आणि मनगटावरची पट्टी वाचायची, हा नियम तिनेच काढलेला. हाताखालच्या पोरीही रोज तेच विचारतात. सासू म्हणून मला काडीचा मान नाही.

आज मोठे डॉक्टर घाईत आले आणि ट्रेमधलं इंजेक्शन उचलून त्यांनी माझा दंड धरला. परवाच लागलेली नर्स मध्ये आली. "सर, आधी नाव."

"मेट्रनच्या सासूबाईंना ओळखत नाहीस?" डॉक्टर खेकसले. पोरगी रडवेली होऊन सुनेकडे बघू लागली.

"तू विचार," सून म्हणाली. "सर थांबतील."

मी फणकाऱ्याने नाव सांगितलं. पोरीने इंजेक्शनवरची चिठ्ठी वाचली. ते शेजारच्या खाटेवरच्या बाईचं होतं. डॉक्टरांनी ते गुपचूप ट्रेमध्ये ठेवलं.

मग माझं इंजेक्शन घेऊन सून स्वतः आली. "तुमचं नाव?"

सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं मी ते सांगितलं. वर म्हटलं, "आणि पट्टीवर नावाखाली लिही, मेट्रनची सासू. आज मला मिरवायचंय."