मागची सीट

खुशालराव देशमुखांची सदतीस सालची स्टेशन वॅगन घ्यायची, पण अस्सल असली तरच, असं ठरवून अकोल्याचे चंद्रभान शेठ पारखायला देवमन मिस्त्रीला सोबत घेऊन आले. देवमननं इंजिनाचा नंबर कागदाशी ताडून पाहिला, लाकडी बॉडीवर नख ओढलं, मागची सीट उचलून स्प्रिंगा दाबल्या. तोवर खुशालरावांच्या तोंडाचा पट्टा चालूच होता.

"अठ्ठावीस वर्षांत एक खिळा बदलला नाई, शेठ! आमच्या आबानं याच गाडीत गावची एक अडलेली बाई अमरावतीले दवाखान्यात नेली. जातपात नाई पाहिली त्याईनं."

देवमननं हात पुसले. "गाडी अस्सल हाये, शेठ. मागची सीट तेवढी नंतर बसवलेली."

"काहीबाही नका सांगू, मिस्त्री," खुशालराव तडकले. "तुमाले काय माईत?"

"ते अडलेली बाई माही माय," देवमन शांतपणे म्हणाला. "मी वाटेतच जन्मलो, मूळच्या सीटवर. बाटली म्हणून दुसऱ्या दिवशी तुमच्या आबानं ते सीट जाळली."