टाकीच्या आधी नाही

फलाटावरच्या पाटीवर ‘विमानतळ : १९ मिनिटे’ असं लिहिलं होतं. बाबांनी ते दोनदा वाचलं. त्यांनी दोन तास दहा मिनिटांचं बोलणं तयार करून आणलं होतं.

बोलणं तसं एका ओळीचंच होतं. मुलीची आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि पुढच्या महिन्यात बाबा वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंशी लग्न करणार होते. मुलगी पंधरा दिवस घरी होती. पंधरा दिवसांत त्यांनी तिला बाकी सगळं सांगितलं. अगदी नळाचा वायसर बदलला तेसुद्धा.

त्याचं असं होतं की बाबांनी सव्वीस वर्षं विमानतळाची दोन तास दहा मिनिटांची बस चालवली होती. रेल्वे आली आणि बस बंद झाली, तोपर्यंत त्यांनी आरशातून हजारो निरोप पाहिले होते. लाकडाच्या वखारीपर्यंत माणसं पासपोर्ट शोधतात. फाटकापाशी भांडतात. सरकारी दवाखान्यापासून जुन्या पुलापर्यंत एक डुलकी काढतात. आणि मनातलं जे काही असतं ते विमानतळाच्या तोंडाशी पाण्याची टाकी दिसली की बोलतात. टाकीच्या आधी नाही. एका माणसाने पुलावरच तोंड उघडलं होतं, पण त्याला बस लागली होती.

ही गाडी सगळी बोगद्यातून जात होती. बोगद्यात टाकी नव्हती.

“बाबा, पायाने काय करताय?” मुलीने विचारलं.

बाबांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता. तिथे ब्रेक नव्हता, तिची पिशवी होती.

“वळण होतं,” बाबा म्हणाले. “पासपोर्ट घेतलास ना?”

“चौथ्यांदा विचारताय.”

एकोणिसाव्या मिनिटाला विमानतळ आला. बाबा अजून पासपोर्टवरच होते.

“गर्दी उतरू दे जरा, ठकू.”

गर्दी म्हणजे एक वैमानिक आणि एक झोपलेली बाई. वैमानिकाने बाईला उठवलं, दोघं उतरली, दार लागलं आणि गाडी परत शहराकडे निघाली.

मुलीने घड्याळ पाहिलं. बाबांच्या हट्टापायी ती विमानाच्या सहा तास आधी घराबाहेर पडली होती. वेळेला तोटा नव्हता.

“तब्येतीचं काही आहे का?” थोड्या वेळाने तिने विचारलं.

“छे. दात तर एकदम उत्तम आहेत.”

“दातांचं कोणी विचारलं?”

बाबा घाईघाईने खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर भिंत होती. शहर येईपर्यंत त्यांनी ती मन लावून बघितली.

शहराच्या स्टेशनात तिकीट तपासनीस चढला. मघाशी याच दोघांना जाताना त्याने पाहिलं होतं.

“काका, तुम्ही नक्की कुठे चाललाय?”

“विमानतळाला.”

“तुम्ही तिथूनच आलात.”

“हो, पण मुद्द्यावर यायचं राहिलं.”

तपासनीसाने तिकीट उलटंपालटं करून पाहिलं. बाहेर पडलं नाही तर ते तीन तास चालत होतं. मुद्द्याबद्दल त्यावर काही छापलेलं नव्हतं. तो समोरच्या बाकावर बसला.

“चालू द्या,” तो म्हणाला.

गाडी बोगद्यात शिरली. मुलीने डोळे मिटून घेतले. शाळेला सुट्टी असली की ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून दिवसाच्या चारही फेऱ्या करायची.

“वखार,” ती म्हणाली.

बाबांनी चमकून तिच्याकडे पाहिलं.

“फाटक बंद आहे. मालगाडी दिसतेय, लांबलचक.”

बाबा थांबले. तपासनीसही थांबला.

“गेली. दवाखाना.” मग बऱ्याच वेळाने, “पूल.”

“पुलाच्या तोंडाशी खड्डा,” तपासनीस हळूच म्हणाला. तोही त्या बसने हिंडलेला असणार. बाबांनी मान डोलावली आणि पाय अलगद दाबला.

विमानतळ येत असल्याची घोषणा सुरू झाली.

“टाकी आली, बाबा.”

बाबांनी घसा खाकरला. “वरच्या डॉक्टरीणबाई आहेत ना, त्या आणि मी लग्न करतोय. पुढच्या महिन्यात.”

मुलीने डोळे उघडले नाहीत.

“मी त्यांना चावले होते,” ती म्हणाली. “दुसरीत असताना. बोटाला टाके पडले होते.”

“दोन. तिच्या लक्षात आहे.”

“तरी हो म्हणाल्या?”

“म्हणाली.”

तपासनीस स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

“मग बाई धीराची आहे,” ती म्हणाली.

बाबांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली. दार उघडलं.

बाबा उठले, बॅगेला हात घातला. मुलगी जागची हलली नाही.

“बसा,” ती म्हणाली. “माझंही एक आहे.”

बाबा बसले. दार लागलं. तपासनीसाने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि गाडी शहराकडे निघाली.

“टाकी,” तो म्हणाला.

परत जाताना ती सगळ्यात आधी लागते.