बदली उमेदवार

"गुडघे वाकवा जरा. बाई तुमच्याहून बुटक्या आहेत."

लोर्ना कॅसवेलनं गुडघे वाकवले. वर छताजवळच्या लोखंडी पुलावरून दिवेवाल्या डेलमारनं दिवा खाली झुकवला आणि झोत तिच्या तोंडावर आणला. "बास, अश्शाच राहा," तो ओरडला.

बाई म्हणजे गव्हर्नरबाई. उद्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या जाहीर चर्चेत त्या याच मेजामागून अख्ख्या देशाशी बोलणार होत्या. पलीकडच्या मेजामागून सिनेटर. दोनच मेजं. मोठे लोक दिव्यांच्या तालमीला येत नाहीत, त्यांच्या जागी साधारण त्यांच्याच उंचीची माणसं उभी करतात. सिनेटरच्या जागी विद्यापीठाचा फुटबॉल कोच च्युइंगगम चघळत उभा होता. गव्हर्नरबाईंच्या जागी नाट्य विभागातली कुणी मास्तरीण येणार होती. ती आलीच नाही.

लोर्ना आली होती तक्रारअर्ज द्यायला. तीसुद्धा राष्ट्राध्यक्षपदाला उभी होती. अपक्ष. एकतीस राज्यांतल्या मतपत्रिकांवर तिचं नाव होतं. पण चर्चेत बोलायला जनमत चाचण्यांत पंधरा टक्के लागतात, तिला होते सहा. मंचावर दिसल्याशिवाय टक्के वाढत नाहीत, आणि टक्के वाढल्याशिवाय मंचावर घेत नाहीत. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, असा नियम करणाऱ्यांना कुणाच्या बुडण्याची काळजी नसते. त्यांना तलाव स्वतःपुरता हवा असतो.

मागचं दार ट्रिशनं उघडलं होतं. तालीम तिच्या हाती होती, कानाला हेडफोन, कपाळाला आठ्या. "आलात का एकदाच्या! किती उशीर!"

लोर्नानं खरं तेच सांगितलं. "मी लोर्ना कॅसवेल. राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार."

"वा! दारातच भूमिकेत शिरलात की! चला, चला."

पुन्हा एकदा सांगायला हवं होतं. पण तेवढ्यात तिला ते मेज दिसलं.

वर्षभर ती या मेजासाठी तळमळत होती. निवडून येणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. तिला फक्त दोन मिनिटं हवी होती. ती दोन मिनिटं तिनं गाडी चालवताना घोटली होती, मोटेलच्या आरशांसमोर घोटली होती. म्हणून ती सरळ मेजामागे जाऊन उभी राहिली, आणि गुडघे वाकवा म्हटल्यावर तिनं ते वाकवले.

"आवाज तपासू या," ट्रिश म्हणाली आणि सूत्रधाराच्या खुर्चीत बसली. "सिनेटरसाहेब, पिझ्झ्यावर अननस चालतो का?"

"अननस टाकणाऱ्याला मी तुरुंगात डांबीन!" कोच गरजला. सगळे हसले. सगळे म्हणजे दहा-अकराजण. सुतार, वायरवाले, खुर्च्या पुसणाऱ्या दोघी.

"आणि बाई, तुमचं काय?"

मेजावरचा, बोलण्याची वेळ मोजणारा हिरवा दिवा लागला.

"मी सत्तावीस वर्षं बाळंतपणं केली," लोर्ना म्हणाली. "आमच्या गावच्या दवाखान्यात. प्रसूती विभाग तोट्यात आहे म्हणून त्यांनी बंद केला. आता कळा सुटल्या की सत्तर मैल गाडी हाणायची. मार्च महिन्यात पेट्रोलपंपावर, पिकअपच्या सीटवर, एक पोरगी माझ्या हातांत जन्मली. रडली नाही. मी तिची पाठ चोळत राहिले, आणि बाप म्हणत होता, चला, आता वीसच मैल राहिलेत. त्या बंद दारासमोर दोन्ही पक्षांचे पुढारी येऊन फोटो काढून गेले. कुलूप फार छान आलंय फोटोत."

हिरव्याचा पिवळा झाला. पिवळ्याचा लाल. तिला कुणी थांबवलं नाही. खुर्च्या पुसणाऱ्या दोघी फडकी हातात धरून उभ्या होत्या. कोचचा जबडा थांबला होता. लोर्नाचे गुडघे कधी सरळ झाले तिला कळलंच नाही. डेलमारला कळलं होतं. त्यानं 'वाका' म्हटलं नाही, दिवाच वर घेतला.

"पण पैसा कुठनं आणणार?" त्यानं वरून विचारलं.

लोर्नानं मेजाची कड घट्ट धरली. वर्षभर लोकांनी तिला एकच विचारलं होतं, तुम्ही उभ्याच कशाला राहता? त्याच्या पुढचा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"दवाखाने विकत घेऊन कुलपं लावणाऱ्या कंपन्यांना करात सूट मिळते. ती काढायची. त्यात भागतं."

"त्या कंपन्या काय गप्प बसतील?"

"नाही बसणार. म्हणून तर माझ्या मागे एकही कंपनी नाही."

डेलमार शिडीवरून उतरला. साठीचा, जाडजूड माणूस, हाताला काजळी. तिच्यासमोर येऊन त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"वीस वर्षं मी मत दिलं नाही, बाई. सगळे एकाच माळेचे मणी. पण हे असं असेल तर नोव्हेंबरात मी जाणार. बायकोलाही नेणार."

आपलं नाव या सभागृहात एकदा, फक्त एकदा, दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं तिला.

"मत कुणाला देणार?" तिनं हळूच विचारलं.

"कुणाला म्हणजे?" डेलमार हसला. "जिच्या जागी तुम्ही उभ्या आहात, तिला!"