उद्याचं वाचन

"उद्याचं वाचनपण आमच्याकडेच ठेवा ना, मावशी," नेत्रा म्हणाली, आणि शालनबाई चक्रावल्या.

वर्षावास, म्हणजे बौद्धांचे पावसाळ्यातले ग्रंथवाचनाचे तीन महिने, चालू होता. हेंद्रेपाड्यातल्या महिला मंडळाच्या बाया रोज संध्याकाळी एकेका घरी ग्रंथवाचनाला जमत. कोणाकडे कधी, हे शालनबाई ठरवत. मोठे हॉल असणाऱ्यांचीही ऐनवेळी कारणं निघत. कुणाकडे पाहुणे, कुणाचा गॅस संपलेला. आणि भाड्याच्या एका खोलीत राहणारी ही पोर आठवडाभर सगळ्यांना आपल्याकडेच बोलावत होती. बाया एकमेकींच्या मांडीवर बसल्यागत बसायच्या. चहाचे कप ही शेजारून मागून आणायची.

"अगं, उद्या कुमुदिनीचा नंबर आहे. ती रुसलीय. म्हणते, नेत्राला मिरवायचंय."

"म्हणू द्या त्यांना."

शालनबाईंना काही सुधरेना. त्या घरात मिरवण्यासारखं होतं काय? हां, नवरा होता. मिलिंद अंबरनाथच्या कंपनीतून यायचा, अंघोळ करून पांढरा सदरा घालायचा, मेणबत्ती लावायचा आणि इतक्या बायकांत एकटा पुरुष शेवटपर्यंत बसायचा. बाया घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांना त्याचे दाखले देत. शालनबाईंनीही दिले होते.

बाया चपला शोधत जिना उतरू लागल्या. नेत्रा दारातून हलेना. शालनबाईंचा पारा चढला.

"एक तरी कारण सांग मला."

नेत्राने आत पाहिलं. मिलिंद कप गोळा करत होता. ती अगदी हळू म्हणाली, "उद्या तुम्ही येणार म्हटलं, की ते मारत नाहीत. खुणा दिसतील म्हणून."

आत कप उचलणारा तो भला माणूस आणि हा मारणारा, दोघं एकच, हे डोक्यात बसेचना. आपण ह्याचं कौतुक करत होतो, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

"माझ्याकडे येतेस राहायला? आत्ता?"

नेत्राने मान डोलावली. शालनबाई जिन्यात वाकल्या.

"कुमुदिनी, सगळ्यांना घेऊन वर ये!"

मिलिंद हसत दारात आला. "काय विसरलं का, मावशी?"

"नाही," शालनबाई आत जाऊन मधोमध बसल्या. "नेत्रा बॅग भरेपर्यंत आम्ही सगळ्या इथेच आहोत."