मधली चार वर्षं

“चार वर्षं घरी होतो, असं चुकूनही सांगू नकोस. धंदा केला म्हण,” असं ताईनं फिटर भावाला पढवलं होतं. पण मुलाखतीत कारखान्याच्या साहेबांनी नेमकं तेच विचारलं, तेव्हा त्याच्यात खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. “आजारी आईजवळ होतो,” म्हणत त्यानं जाड वही टेबलावर ठेवली. आईच्या ऑक्सिजन मशीनचा दाब, फिल्टर कधी धुतला, नळी कधी बदलली, सगळं तारीखवार लिहिलेलं. साहेब पानं उलटत राहिले. “इतक्या चोख नोंदी आमची पगारी माणसंही ठेवत नाहीत. मशीन एकदाही बंद पडलं नाही?” “मशीन नाही. आईच गेली,” तो म्हणाला. साहेबांनी वही हळूच मिटली. “सोमवारपासून या. रात्रपाळी आहे. जागरण झेपेल ना?” “अजून दर तासाला जाग येतेच, साहेब. फक्त उठून करायला काही नसतं.”